वेल्ड केलेला रूळ उन्हात वाढतो कुठे?

प्रश्न थोडक्यात असा आहे: पूर्वी रुळांच्या सांध्यांत फट असायची, आता किलोमीटरच्या किलोमीटर रूळ सलग वेल्ड केलेला दिसतो. मग कडक उन्हात तो वाढतो तेव्हा ती वाढ जाते कुठे? फट ठेवली असती तर रूळ वाकण्याची भानगडच मिटली नसती का? आणि ऊन उतरल्यावरही काही ठिकाणी गाडी हळूच का जाते?

पहिल्या प्रश्नाचं सरळ उत्तर: वाढ कुठेच जात नाही, कारण सलग रुळाचा मधला भाग वाढतच नाही. त्याला वाढू दिलं जात नाही, आणि जी वाढ झाली नाही ती दाब होऊन रुळात बसते. तेव्हा विचारायचं ते हे, की हा दाब किती असतो, त्याला धरून कोण ठेवतं आणि ती पकड कधी सुटते. रूळ उन्हाने वाकला असं आपण म्हणतो खरं, पण नीट बसवलेला आणि नीट धरलेला रूळ त्याच उन्हात शेजारी सरळ पडलेला असतो. ऊन फक्त कच्चा दुवा शोधून काढतं.

आधी आकडे बघू. पोलाद दर अंश सेल्सिअसला मीटरमागे सुमारे ०.०११५ मिमी वाढतं. १३ मीटरचा सुटा रूळ ३० अंशांनी तापला तर साडेचार मिमी लांब होईल. एक किलोमीटर सलग रूळ पूर्ण मोकळा सोडला तर ३४५ मिमी, म्हणजे दीड वीत. आता तोच रूळ जागचा हलू दिला नाही तर? मीटरला ६० किलो वजनाच्या रुळाचा छेद सुमारे ७७ चौरस सेंटिमीटर असतो. त्यावरून हिशेब केला तर दर अंशामागे एका रुळात साधारण १.९ टन दाब तयार होतो. ३० अंशांना ५७ टन. दोन्ही रूळ मिळून ११४ टन.

इथे बहुतेकांची एक गफलत होते. रूळ जितका लांब तितका दाब जास्त, असं वाटतं. तसं नाही. दाब ठरतो तापमानातल्या फरकावर आणि रुळाच्या जाडीवर. लांबी त्या सूत्रात येतच नाही. एक किलोमीटरचा सलग रूळ असो की पन्नास किलोमीटरचा, ३० अंशांना ५७ टनच. म्हणून तर इतके लांब रूळ वेल्ड करणं परवडतं. हालचाल होते ती फक्त दोन्ही टोकांना. टोकाकडून आत जाताना एकेक स्लीपर (रुळांखालची आडवी तुळई) आणि त्याभोवतीची खडी रुळाला थोडं थोडं धरत जाते, आणि साधारण शंभर मीटरच्या आसपास, खडी किती घट्ट आहे त्यानुसार कमी-जास्त, ही पकड पूर्ण होते. त्यापुढे रूळ निश्चल. टोकाच्या या पट्ट्याला ब्रीदिंग लेंथ म्हणतात, आणि तिथली हालचाल सामावून घ्यायला स्विच एक्स्पान्शन जॉइंट बसवतात. त्यात निमुळत्या केलेल्या दोन रुळांची टोकं एकमेकांना घासून मागे-पुढे सरकतात, त्यामुळे चाकाला खड्डा लागत नाही.

मग फटीच बऱ्या नव्हत्या का? प्रत्येक फटीवर प्रत्येक चाक आदळतं. सांधा खाली बसतो, खालच्या खडीचं पीठ होतं, बोल्टच्या भोकापासून चिरा जातात. आणि फट आहे म्हणून रूळ वाकणार नाही, ही खात्रीही नाही. फिशप्लेटला, म्हणजे सांध्यावर दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीला, वेळेवर वंगण लावलं नाही तर सांधा गंजून जाम होतो. ब्रेक लागतात त्या भागात रूळ पुढे पुढे सरकत राहतो. एका ठिकाणच्या फटी रुंद होतात आणि पुढच्या वीस-पंचवीस सांध्यांच्या पूर्ण बुजतात. बुजलेल्या फटींचा असा पट्टा उन्हात वेल्ड केलेल्या रुळासारखाच वागतो, फक्त त्याला धरून ठेवणारी व्यवस्था तितकी भक्कम नसते.

आता या सगळ्यातला कळीचा आकडा: ताणमुक्त तापमान. ज्या तापमानाला रुळात ना ओढ असते ना दाब, ते. रूळ त्यापेक्षा तापला की दाब, गार झाला की ओढ. वर मी ३० अंश म्हटलं ते या तापमानापासून मोजलेले. ब्रिटनमध्ये हे तापमान २७ अंश धरतात. ऊन कडक असेल तर रूळ हवेपेक्षा २० अंशांपर्यंत जास्त तापू शकतो. तिथे १९ जुलै २०२२ ला हवाच ४० च्या वर गेली, म्हणजे रूळ ६० च्या घरात जाणार आणि फरक तेहतीसेक अंशांचा होणार. त्या दिवशी लंडनच्या किंग्ज क्रॉसहून यॉर्क आणि लीड्सकडे जाणारा मुख्य मार्ग बंद ठेवला होता. गरम देशांत ४५ अंशांतही गाड्या धावतात आणि तिथे ४० ला का थांबतात, असं लोक चेष्टेने विचारतात. कारण एवढंच, की गरम देशांत ताणमुक्त तापमान मुळातच वर ठेवलेलं असतं. रूळ दोन्हीकडे पोलादाचाच.

मग ते सगळीकडे ५० ला का नेत नाहीत? कारण थंडीत हिशेब उलटा फिरतो. ५० ला ताणमुक्त केलेला रूळ ५ अंशांवर आला की एका रुळात ८५ टनांची ओढ बसते, आणि मग एखादा कच्चा वेल्ड किंवा आतली बारीक चीर पहाटे तडकते. म्हणून वर्षभरातल्या रुळाच्या कमाल आणि किमान तापमानांचा मध्य काढून त्याच्या थोडं वर राहतात. वर का, तर तुटलेला रूळ बरेचदा ट्रॅक सर्किटवर, म्हणजे रुळांतूनच वाहणाऱ्या सिग्नलच्या विजेवर, कळतो. वाकलेल्या रुळातून वीज व्यवस्थित वाहत राहते आणि सिग्नल हिरवाच राहतो. दोन संकटांत हे दुसरं जास्त वाईट.

खरी अडचण पुढे आहे. ताणमुक्त तापमान एकदा ठरवलं की कायम राहतं असं नाही. ते घसरतं, आणि रुळाकडे नुसतं बघून ते कळत नाही. घसरण्याची कारणं पुष्कळ आहेत, पण दोन सविस्तर सांगतो, कारण उन्हाळ्यातल्या बऱ्याच भानगडींचं मूळ हिवाळ्यात असतं.

पहिलं कारण, थंडीतली दुरुस्ती. पहाटे रूळ तुटला, ओढीमुळे दोन टोकं ४० मिमी दूर गेली. गाड्या खोळंबलेल्या असतात, म्हणून तिथे तुकडा घालून वेल्ड करतात. घातलेलं पोलाद कापून काढलेल्या पोलादापेक्षा ४० मिमी जास्त असेल, तर तेवढं जादा पोलाद कायमचं आत राहिलं. ते आजूबाजूच्या २०० मीटरमध्ये पसरलं असं धरा: ४० भागिले २००×०.०११५, म्हणजे १७ अंशांहून जास्त. त्या २०० मीटरमध्ये ताणमुक्त तापमान ३८ वरून २१ वर आलं. कागदावर मात्र ३८ च. म्हणून अशा दुरुस्तीच्या वेळी तुटीच्या दोन्ही बाजूंना रुळावर खुणा करून त्यांतलं अंतर लिहून ठेवायचं असतं, आणि नंतर रूळ ओढून ते अंतर परत मिळवायचं असतं. ही नोंद हरवली की उन्हाळ्याचं संकट तयार झालं म्हणायचं.

दुसरं, वळणं. थंडीत ओढीखाली वळणाचा मार्ग हळूहळू आतल्या बाजूला सरकतो. ४०० मीटर त्रिज्येचं वळण सबंध २५ मिमी आत आलं, तर डोळ्याला जाणवणारही नाही, पण ताणमुक्त तापमान ५ अंशांहून थोडं जास्त खाली येतं. उन्हाळ्यात दाब तितका वाढतो आणि आता तो वळणाला बाहेर ढकलतो. ही ढकल किती, तर एकूण दाब भागिले त्रिज्या: ११४ टन आणि ४०० मीटर धरले तर मार्गाच्या प्रत्येक मीटरवर बाहेरच्या दिशेने २८५ किलो. गाडी नसताना, नुसत्या उन्हाने.

आता ही ढकल पेलतं कोण? बहुतेक सगळी खडी. रूळ उभ्या दिशेत ताठ असतो, पण आडव्या दिशेत साधारण सहापट लवचीक. शिवाय वर उचललं जायला स्लीपरांचं वजन आडवं येतं. त्यामुळे तो वाकला तर बाजूलाच वाकतो. बाजूला सरकताना त्याला तीन ठिकाणी अडवलं जातं: स्लीपरच्या तळाचं घर्षण, दोन स्लीपरांमधली खडी, आणि स्लीपरच्या टोकाबाहेरचा खडीचा खांदा. भारतीय रेल्वेच्या मापात लाँग वेल्डेड रुळाच्या मार्गाला सरळ भागात ३५० मिमी आणि वळणाच्या बाहेरच्या बाजूला ५०० मिमी खांदा लागतो. तो २०० वर आला असेल, किंवा मधली खडी स्लीपरच्या माथ्यापर्यंत भरलेली नसेल, तर बाकी सगळं उत्तम असूनही उपयोग नाही. रूळ आणि स्लीपर यांना बांधणाऱ्या क्लिपा ढिल्या असतील, तर सांगाडा म्हणून मार्गाची ताकद आणखी कमी होते.

आणि खडी नुसती भरलेली असून भागत नाही, ती बसलेली असावी लागते. टॅम्पिंग मशीन मार्ग उचलून स्लीपरखाली खडी दाबतं तेव्हा जुनी घट्ट पकड मोडते आणि आडवा प्रतिकार लक्षणीय घटतो. पुरेशा गाड्या गेल्या किंवा डायनॅमिक ट्रॅक स्टॅबिलायझर (मार्ग थरथरवून खडी बसवणारं यंत्र) फिरवला की तो परत येतो. २९ जुलै २००२ ला अमेरिकेत मेरिलँडमधल्या केन्सिंग्टनजवळ अॅमट्रॅकची कॅपिटल लिमिटेड वळणावर उष्णतेने सरकलेल्या मार्गामुळे घसरली. चौकशीत बोट उन्हाकडे नव्हे, तर तिथे त्याआधी झालेल्या मार्ग उचलण्याच्या आणि सरळ करण्याच्या कामाकडे दाखवलं गेलं: मार्गाला पुरेशी पकड नव्हती आणि रुळाचं ताणमुक्त तापमान पूर्ववत केलेलं नव्हतं. म्हणूनच भारतीय रेल्वेच्या नियमात लाँग वेल्डेड रुळाच्या मार्गावर नेहमीचं टॅम्पिंग ताणमुक्त तापमानापेक्षा १० अंशांहून वर करायचं नाही, आणि अशी कामं शक्यतो उन्हाळ्याआधी संपवायची असतात.

गाडीचा यातला वाटाही समजून घ्यायला हवा. चाकाखाली मार्ग दबतो, पण चाकांच्या पुढे आणि दोन बोगींच्या (डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्यांच्या) मध्ये तो किंचित वर उचलला जातो. फार नाही, पण तेवढ्याने त्या स्लीपरांच्या तळाचं घर्षण जवळजवळ नाहीसं होतं. तीन आधारांतला एक गेला. त्यात ब्रेक लागले असतील तर पुढच्या बाजूला आणखी दाब. म्हणून मार्ग बरेचदा गाडी वरून जात असताना सुटतो, इंजिन पार झाल्यावर मागच्या डब्यांखाली. लोको पायलटने कितीही डोळ्यांत तेल घालून पाहिलं तरी ते त्याला दिसणार नाही. एकदा सुटला की दहा-वीस मीटरच्या पट्ट्यात मार्ग सापासारखा वळतो. सरक मिलिमीटरमध्ये नसते, वीतभर किंवा जास्त असते, आणि सगळं क्षणात होतं.

ताणमुक्त तापमान परत आणायच्या कामाला डिस्ट्रेसिंग म्हणतात. त्याची रीत बघितली की चूक कुठे होते तेही कळतं. समजा ५०० मीटरचा पट्टा आहे, ताणमुक्त तापमान ३८ हवंय आणि कामाच्या वेळी रूळ २६ वर आहे. रूळ कापतात, सगळ्या क्लिपा काढतात, ठरावीक स्लीपरांनंतर रूळ उचलून खाली रोलर ठेवतात आणि लाकडी हातोड्यांनी बाजूने ठोकत जातात, म्हणजे कुठे अडकलेला असेल तर सुटतो. आता रूळ खरोखर मोकळा. तापमान रुळाच्या सावलीच्या बाजूला मोजतात. उन्हाच्या बाजूला लावलेला थर्मामीटर खोटं सांगतो. मग १२ अंशांची तूट हायड्रॉलिक टेन्सरने ओढून भरतात: ५०० मीटर × १२ × ०.०११५ = ६९ मिमी.

इथे घाई करणारे फसतात. टेन्सरजवळचं टोक ६९ मिमी आलं म्हणजे काम झालं असं नाही. दर १०० मीटरवर रुळाच्या तळावर आणि स्लीपरवर मिळून एक खूण केलेली असते. पक्क्या टोकापासून मोजत गेलं तर या खुणा साधारण १४, २८, ४१, ५५ आणि ६९ मिमी सरकायला हव्यात. पहिल्या दोन ४ आणि ९ वरच थांबल्या असतील तर रूळ मध्ये कुठेतरी अडकलाय: रोलर निसटलाय, एखादी क्लिप राहिलीय, किंवा वळणावर रूळ बाजूला टेकलाय. तसाच वेल्ड केला तर शेवटच्या दोनशे-तीनशे मीटरमध्ये गरजेपेक्षा जास्त ओढ आणि सुरुवातीला जुनाच घसरलेला आकडा. सरासरी बरोबर, आणि दोन्ही टोकं चूक. वेल्डसाठी लागणारी फट वेगळी धरायची, आणि वेल्ड पुरेसा थंड होईपर्यंत टेन्सर सोडायचा नाही. पाहणीला गेलेल्या माणसाने या खुणांची नोंदवही आधी मागावी; वेल्ड नंतर बघितला तरी चालेल.

उन्हाच्या दिवशी काय करतात, ते त्या मानाने सोपं आहे. रुळाचं तापमान ताणमुक्त तापमानाच्या किती वर गेलं त्यानुसार पायऱ्या असतात. भारतीय रेल्वेत फरक २० अंशांच्या वर गेला की उन्हाळी गस्त सुरू होते. गस्तवाल्याने काय बघायचं? स्लीपरच्या एका टोकाला खडी आणि स्लीपर यांच्यामध्ये बोटभर फट पडली असेल तर मार्ग आडवा सरकलाय. रुळाच्या तळावर क्लिपेजवळ ताजी, गंज नसलेली चकचकीत रेघ दिसली तर रूळ लांबीच्या दिशेने सरकतोय. स्लीपर काटकोनातून तिरके झालेत का ते बघायचं. रुळाला डोळा लावून पुढे पाहिलं की बारीक लचक दिसते. पूल, फाटक, पॉइंट (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते ती जागा) अशा ठिकाणांच्या अलीकडचा भाग जास्त बारकाईने बघावा, कारण सरकत आलेला रूळ तिथे अडतो आणि दाब त्याच्या मागे साचतो.

वेग कमी करण्यामागे दोन हेतू आहेत. हळू गाडी मार्गाला कमी हादरे आणि कमी आडवे धक्के देते, त्यामुळे सुटण्याच्या बेतात असलेला मार्ग कदाचित टिकतो. आणि टिकला नाहीच, तर वेग निम्मा केल्याने गाडीतली ऊर्जा चौथाईवर येते. थांबायचं अंतर आणि नुकसान दोन्ही त्याच प्रमाणात घटतं. रुळाच्या बाजूंना पांढरा रंग देण्याबद्दल विचारलं जातं, म्हणून सांगतो: त्याने तापमान ५ ते १० अंशांनी उतरतं. धोक्याच्या जागी, पॉइंटपाशी, हे चांगलं आहे. पण रंग मळतो, आणि १७ अंशांनी घसरलेला आकडा रंगाने भरून निघत नाही.

मार्ग वाकलेलाच सापडला तर गाड्या थांबवणं पहिलं. मग गॅसने रूळ कापून दाब मोकळा करायचा आणि त्यानंतरच मार्ग ओढून जागेवर आणायचा. दाबाखालचा रूळ कापताना उसळतो, आणि करवतीचं पातं त्यात चिमटलं जातं. पहारींनी ढकलून सरळ केलेला मार्ग सरळ दिसतो खरा, पण ते सगळे टन अजून आतच असतात.

रुळाखेरीज उन्हाने गाडीला वीज देणारी वरची वायरही लांबते. तांबं पोलादापेक्षा जास्त वाढतं; ७५० मीटर वायर ३० अंशांत सुमारे ३८० मिमी. टोकाला कप्पीवर वजनं टांगलेली असतात, ती खाली उतरून ओढ कायम ठेवतात. जिथे वायर दोन्हीकडे पक्की बांधलेली असते तिथे ती लोंबते आणि गाडी हळू न्यावी लागते. पॉइंटच्या जिभा तापून जरा पुढे-मागे झाल्या की लॉक बसल्याची खूण सिग्नलला मिळत नाही आणि गाडी उभी राहते. त्यात धोका नाही, खोळंबा आहे. खडीऐवजी काँक्रीटच्या सलग पायावर बसवलेल्या मार्गाला बाजूला सरकायला जागाच नसल्याने तो उन्हात बिनघोर असतो.

अमुक मार्ग अमुक तापमानाला वाकेल का, हे मात्र बाहेरून सांगता येत नाही. वळणाची त्रिज्या, खडी, मागच्या वर्षभरातल्या दुरुस्त्या आणि शेवटचं डिस्ट्रेसिंग कधी झालं, यावर ते अवलंबून आहे. ४८ अंशांत शांत असलेल्या मार्गाच्या शेजारी ३६ अंशांत सुटलेला मार्ग असू शकतो.

राहिला ऊन उतरल्यावरच्या हळू गाडीचा प्रश्न. नुसत्या तापमानासाठी लावलेला निर्बंध रूळ गार झाला की उठतो, पण तोही घड्याळ बघून नाही: थर्मामीटर खाली यावा लागतो आणि गस्तवाल्याने तो पट्टा चालून बघितलेला असावा लागतो, कारण दुपारी सरकलेला मार्ग संध्याकाळी आपोआप जागेवर येत नाही. दुसरा निर्बंध असतो नुकतंच टॅम्पिंग झालेल्या किंवा खडी काढलेल्या भागावरचा. त्याचा त्या दिवसाच्या उन्हाशी संबंध नसतो. खडी बसेपर्यंत तो रात्री, पावसात, थंडीतही तसाच राहतो. एकाच ठिकाणी रोज पहाटेसुद्धा गाडी हळू होत असेल, तर तो बहुधा हाच.